ओंजळभर पाणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तरेकडे, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील मूळ रहिवासी असलेल्या डकोटा लोकांच्या भाषेतून हे नाव आले असून ‘आभाळाचा रंग ल्यालेले पाणी’ असा त्याचा अर्थ सांगतात. नाव सार्थ आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे अफाट थर वितळून मागे सरले, तेव्हा भूमीवर पडलेल्या असंख्य खळग्यांत पाणी साचले आणि तेथे तलाव निर्माण झाले. ‘दहा हजार तलावांची भूमी’ असे ह्या राज्याचे बिरुद आहे. प्रत्यक्षात दहा एकर वा त्याहून मोठे असे ११,८४२ तलाव तेथे मोजलेले आहेत. हिवाळ्यात ह्या तलावांवर बर्फाची जाड लादी पसरते. वसंत ऋतू आला, बर्फ वितळले, की साऱ्या राज्याला जणू पाण्याची ओढ लागते. मोटारीच्या मागे ट्रेलर जोडून, त्यावर आपली होडी चढवून कुटुंबेच्या कुटुंबे सुटीच्या दिवशी घराबाहेर पडतात. सकाळी एका तलावात मासे धरावे, दुपारी दुसऱ्या तलावात वल्ही मारावी, असा त्यांचा क्रम असतो.

मात्र होडी पाण्याबाहेर काढली, की लगेच ती घेऊन निघून जाण्याची मुभा कोणालाही नाही. आधी होडीच्या तळाशी असलेले बूच काढावे लागते. आत साचलेले पाणी थेंब न थेंब वाहून गेले पाहिजे. होडीला, नांगराला, ट्रेलरच्या चाकांना अडकलेले शेवाळ आणि पाणवनस्पती हाताने ओढून काढाव्या लागतात. पुढे रस्त्याने जाताना ते बूच काढलेलेच असले पाहिजे, असा त्या राज्याचा कायदा आहे, आणि तो मोडणाऱ्यास दंड होतो.

होडीला बूच लावावे, ही गोष्ट कोणासही पटेल. कारण त्यावाचून होडी बुडेल. परंतु बूच काढण्याचा कायदा करावा, हे ऐकून प्रथम हसू येते. होडीत राहिलेले पाणी तर तलावाचेच. ते विषारी नाही, गढूळ नाही. ओंजळीत घेऊन पाहिले तर स्वच्छ दिसते. मग एवढ्याशा पाण्याची राज्याच्या शासनाने इतकी धास्ती का घ्यावी? ह्या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा शिंपल्याच्या प्रवासात सापडते.

ह्या शिंपल्याचे नाव झेब्रा शिंपला. त्याच्या कवचावर गडद व फिकट रंगांचे नागमोडी पट्टे असतात, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याची पूर्ण वाढ झाली, तरी लांबी सहसा दोन इंचांच्या आतच राहते. कोकणाच्या व गोव्याच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेले शिनाणे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ह्या प्राण्याची रीत ओळखीची वाटेल. शिनाण्यांप्रमाणेच तोही आपल्या अंगातून रेशमासारखे चिवट तंतू काढतो आणि त्यांच्या साहाय्याने कोणत्याही कठीण वस्तूला घट्ट धरून बसतो. फरक इतकाच, की शिनाणे खाऱ्या पाण्यात राहतात, तर झेब्रा शिंपला गोड्या पाण्यात वाढतो. दगड, लाकूड, लोखंड, काच, दुसऱ्या शिंपल्याचे कवच, ह्यांपैकी काहीही त्याला चालते. जागा पुरेनाशी झाली, की तो आपल्याच भाईबंदांच्या पाठीवर बसतो. अशा रीतीने थरावर थर चढत जातात आणि एका चौरस मीटर जागेत हे प्राणी हजारोंच्या संख्येने नांदतात.

त्याचे मूळ घर काळ्या समुद्राच्या व कॅस्पियन समुद्राच्या परिसरातील नद्या आणि सरोवरे हे होय. रशियाच्या सेवेत असलेल्या पीटर सायमन पल्लास ह्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७१ साली त्याची नोंद केली. पुढे युरोपात व्यापारासाठी नद्यांना नद्या जोडणारे कालवे खणण्यात आले. मालाच्या नावांना चिकटून हा शिंपलाही त्या कालव्यांतून पश्चिमेकडे सरकत गेला. १८२४ साली तो लंडनच्या गोदीत आढळला. तेथून पुढे अटलांटिक महासागर पसरलेला होता. गोड्या पाण्यात वाढणाऱ्या ह्या जीवाला ती खाऱ्या पाण्याची भिंत दीर्घकाळ ओलांडता आली नाही.

अखेर ती भिंत माणसानेच नकळत ओलांडून दिली. मालवाहू जहाज रिकामे निघाले, की ते समुद्रावर डोलू नये म्हणून त्याच्या पोटातील टाक्यांत पाणी भरून घेतात, आणि माल भरण्याच्या बंदरात पोहोचल्यावर ते पाणी सोडून देतात. युरोपातील एखाद्या बंदरात भरलेल्या अशाच पाण्याबरोबर झेब्रा शिंपल्याची पिले उत्तर अमेरिकेत आली, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. १९८८ साली ह्युरन व ईरी ह्या दोन महासरोवरांच्या मध्ये असलेल्या सेंट क्लेअर सरोवरात तो प्रथम सापडला. १९८९ साली त्याचाच भाऊबंद असलेला क्वॅगा शिंपला ईरी सरोवरात मिळाला. १९९० सालापर्यंत पाचही महासरोवरांत झेब्रा शिंपला पोहोचला होता. पुढे शिकागोजवळच्या कालव्यातून तो इलिनॉय नदीत उतरला आणि तेथून मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे गेला.

एवढासा प्राणी, त्याने असे कोणते अरिष्ट आणले? मिशिगन राज्यात ईरी सरोवराच्या काठी मन्रो नावाचे शहर आहे. १९८९ सालच्या डिसेंबर महिन्यात त्या शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. सरोवरातून पाणी खेचणाऱ्या नळाच्या तोंडाशी शिंपल्यांचे थर जमले होते, त्यात बर्फाची भर पडली, आणि पाण्याची वाट बुजली. समोर अथांग सरोवर, आणि घरातील तोट्या मात्र कोरड्या, असा विलक्षण प्रसंग त्या नगरवासीयांवर गुदरला. तेव्हापासून महासरोवरांच्या काठची जलकेंद्रे, वीजकेंद्रे व कारखाने ह्यांना आपले नळ सतत खरवडावे वा औषधांनी धुवावे लागतात, आणि त्याचा खर्च शेवटी नागरिकांनाच सोसावा लागतो.

ह्याहून मोठी हानी पाण्याच्या आत होते, आणि ती काठावरून दिसत नाही. पूर्ण वाढलेला एक शिंपला दिवसाकाठी सुमारे एक लिटर पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती व जीवजंतू खातो. असे कोट्यवधी शिंपले एकाच वेळी पाणी गाळू लागले, म्हणजे ते काचेसारखे नितळ होते. पाहणाऱ्याला वाटते, तलाव स्वच्छ झाला! वस्तुतः तो स्वच्छ झालेला नसून त्यातील अन्न नाहीसे झालेले असते. त्या सूक्ष्म जीवांवर पाण्यातील बारीक किडे जगतात, त्या किड्यांवर माशांची पिले पोसतात, आणि पिले मोठी झाली तर माणसाच्या गळाला मासा लागतो. ह्या साखळीचा पहिला दुवाच शिंपला गिळून टाकतो. सूर्यप्रकाश आता खोलवर पोहोचू लागल्याने तळाशी शेवाळ माजते. हा प्राणी विषारी निळे-हिरवे शैवल मात्र नापसंत म्हणून टाकून देतो. त्यामुळे काही तलावांत नेमके तेच वाढते. तेथील मूळच्या शिंपल्यांची दशा तर अत्यंत करुण होते. त्यांच्या कवचांवर झेब्रा शिंपल्यांचे झुबके बसतात. मग त्यांना धड उघडता येत नाही, मिटता येत नाही, आणि अन्नावाचून ते मरून जातात. सेंट क्लेअर सरोवराच्या मोकळ्या पाण्यातून मूळचे शिंपले जवळजवळ नामशेष झाले. शिवाय उथळ पाण्यात अनवाणी उतरणाऱ्या मुलांचे पाय धारदार कवचांनी कापतात, तो जाच निराळाच.

महासरोवरांना व मोठ्या नद्यांना जहाजांची आणि प्रवाहांची वाट आहे, म्हणून तेथवर शिंपला पोहोचला, हे समजते. पण मिनेसोटाचे हजारो तलाव एकमेकांपासून वेगळे आहेत. मधे टेकड्या आहेत, शेते आहेत, गावे आहेत. शिंपल्याला पाय नाहीत, पंख नाहीत. मग तो एका तलावातून दुसऱ्या तलावात कसा जातो? तो जातो डांबरी सडकेने. त्याचे वाहन म्हणजे ट्रेलरवर चढवलेली होडी.

ह्या प्राण्याची बाल्यावस्था ध्यानी घेतली, म्हणजे हे कोडे उलगडते. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडू शकते. अंड्यांतून निघणारी पिले इतकी सूक्ष्म असतात, की सूक्ष्मदर्शकाखेरीज ती दिसत नाहीत. काही आठवडे ती पाण्यात तरंगत राहतात, आणि मग कवच जड झाले की तळाशी जाऊन एखाद्या वस्तूला चिकटतात. म्हणूनच बाधित तलावातील ओंजळभर पाणी डोळ्यांना निव्वळ पाणी दिसले, तरी त्यात एका नव्या तलावाला पुरून उरेल इतके बियाणे असू शकते. वाढलेल्या शिंपल्यांचीही एक लबाडी आहे. ते होडीच्या लाकडाला किंवा पत्र्याला तर चिकटतातच, परंतु त्याहूनही सहजपणे पाणवनस्पतींच्या देठांना बिलगून राहतात. होडी वर ओढताना त्या वनस्पतींचा एखादा झुबका ट्रेलरच्या दांड्यात अडकतो आणि त्याबरोबर हे बिऱ्हाडही प्रवासाला निघते. ओलसर, थंड जागा मिळाली तर पाण्याबाहेर ते कित्येक दिवस तग धरते.

ह्या ज्ञानातूनच होडीवाल्यांसाठी नियम तयार झाले. अमेरिकेत ते तीन लहान शब्दांत सांगतात: साफ करा, रिकामी करा, वाळवा. ह्यांतील प्रत्येक शब्दामागे शिंपल्याच्या जीवनातील एकेक अवस्था उभी आहे.

‘साफ करा’ हा नियम वाढलेल्या शिंपल्यांसाठी आहे. होडीचा तळ, यंत्राचा पंखा, नांगर व त्याची दोरी, ट्रेलरची चाके आणि दांडे, ह्या सर्वांवरून हात फिरवून पाहावे लागते. नुकताच चिकटलेला लहानगा शिंपला डोळ्यांना दिसत नाही, पण गुळगुळीत पत्र्यावर हात फिरवला की तो वाळूच्या कणासारखा बोटांना खरखरीत लागतो.

‘रिकामी करा’ हा नियम तरंगत्या पिलांसाठी आहे. होडीच्या तळाचा खळगा, यंत्राला थंड ठेवणारे पाणी, धरलेले मासे जिवंत ठेवण्याची टाकी, ह्यांतून सगळे पाणी धक्का सोडण्यापूर्वीच काढून टाकावे लागते. गळाला लावण्यासाठी लहान मासे भांड्यात ठेवलेले असतात. ते पुढे न्यावयाचे असतील, तर तलावाचे पाणी ओतून देऊन भांड्यात नळाचे अगर बाटलीतील पाणी भरावे लागते. उरलेले मासे दयाबुद्धीने तलावात सोडून देण्यासही बंदी आहे; ते कचऱ्यातच टाकावे लागतात.

‘वाळवा’ हा नियम नजर चुकवून राहिलेल्यांसाठी आहे. कोपऱ्यात, फटीत, दोरीच्या पिळात काही ना काही उरतेच. त्यावर ऊन आणि वारा हाच उपाय. म्हणून दुसऱ्या तलावात जाण्यापूर्वी होडी निदान पाच दिवस कोरडी ठेवावी, असे सांगतात. तेवढी सवड नसेल, तर सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने ती धुवावी लागते. कारण असा कढत फवारा काही सेकंद सतत लागला, तर शिंपला जगत नाही. पाण्यात महिनोन्महिने उभे राहणारे तरंगते धक्के आणि होडी उचलून धरणारे सांगाडे ह्यांना तर मिनेसोटाच्या कायद्याने २१ दिवसांची मुदत घातली आहे. एका तलावातून काढल्यावर तितके दिवस ते कोरडे राहिले, तरच दुसऱ्या तलावात उतरवता येतात.

कॅलिफोर्निया व नेव्हाडा ह्या राज्यांच्या सीमेवर असलेल्या टाहो सरोवराने ह्याही पुढे पाऊल टाकले. तेथे २००८ सालापासून यंत्राच्या प्रत्येक होडीची तपासणी सक्तीची आहे. सरोवर सोडताना होडी व ट्रेलर तारेने एकत्र जखडून त्या तारेवर मोहोर लावतात. पुढच्या खेपेस मोहोर शाबूत दिसली, म्हणजे ही होडी मधल्या काळात दुसऱ्या पाण्यात उतरली नाही, ह्याचा पुरावाच मिळतो.

इतकी कडक शिस्त पाहून एखादा होडीवाला कुरकुरतो. आठवडाभर काम करून मिळालेली एक सुटी, मुले उतावीळ झालेली, मागे होड्यांची रांग, आणि अशा वेळी शेवाळ वेचत बसावे! ‘माझ्या एका होडीने असे काय होणार?’ असे तो म्हणतो. ‘बदके काय थोडी उडत जातात? त्यांना कोण तपासतो?’ असाही त्याचा प्रश्न असतो. हे प्रश्न अगदीच वावगे आहेत असे नाही. बदकांच्या अंगावरून काही पिले जाऊ शकतात, हे प्रयोगांत दिसले आहे. परंतु त्यांचे प्रमाण फार थोडे आहे. बदक आपल्या पोटाखाली पाण्याची टाकी बांधून ताशी साठ मैल वेगाने दूरच्या तलावात जात नाही, होडी जाते. २००७ सालच्या जानेवारीत कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाच्या मीड जलाशयात क्वॅगा शिंपला सापडला. तोवर हे शिंपले ज्या पाण्यांत माहीत होते, ती तेथून हजार मैलांहूनही दूर होती, आणि मधे रॉकी पर्वताची रांग होती. तो पर्वत शिंपल्याने सडकेवरून, कोणा एकाच्या होडीबरोबर ओलांडला, असाच तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. ‘माझ्या एका होडीने काय होणार’, ह्या प्रश्नाचे उत्तर मीड जलाशयाने दिले आहे.

शिवाय ही चूक एकदा झाली, की ती सुधारण्याची संधी सहसा मिळत नाही. मिनेसोटातील मिनेटोंका ह्या विस्तीर्ण तलावात २०१० साली झेब्रा शिंपला आढळला. त्याच्या शेजारीच ख्रिसमस नावाचा एक लहान, नितळ तलाव आहे. २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये तेथेही, होड्या उतरवण्याच्या धक्क्याजवळ, हे शिंपले सापडले. नुकतीच सुरुवात होती. ती वेळीच कळली होती. धक्क्याजवळचे पाणी पडदे लावून वेगळे करण्यात आले आणि त्यात एकामागून एक औषधे घालण्यात आली. शास्त्रज्ञ, शासन आणि रहिवासी, सर्वांनी शर्थ केली. तथापि पुढील वर्षी उपचार केलेल्या भागाच्या बाहेर शिंपले दिसू लागले, आणि हा लढा सोडून द्यावा लागला. ह्याउलट व्हर्जिनिया राज्यात मिलब्रूक येथील पाण्याने भरलेल्या एका जुन्या खाणीतून २००६ साली पोटॅशियम क्लोराइड घालून शिंपल्यांचा नायनाट करण्यात यश आले. परंतु ती खाण अवघी बारा एकरांची आणि चहूबाजूंनी बंद होती. महासरोवरांवर असा उपाय कोण करू शकेल? रोगावर औषध नसेल, तेव्हा पथ्यालाच औषध मानावे लागते. होडीचे नियम हे तलावांचे पथ्य आहे.

ह्या शिंपल्याच्या कुळाचा एक सागरी नातलग भारतातही येऊन पोहोचला आहे. अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवरचा हा काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला, आणि कालांतराने मुंबईच्या बंदरातही त्याची नोंद झाली. तोही जहाजांबरोबरच आला. त्यामुळे माणसाच्या वाहनाबरोबर परके जीव प्रवास करतात, ही केवळ दूरदेशची वार्ता नाही.

मिनेसोटाचे बहुसंख्य तलाव आजही झेब्रा शिंपल्यापासून मुक्त आहेत. तेथे नोंदलेल्या होड्यांची संख्या सुमारे आठ लाख आहे, आणि तपासनीस मात्र मोजके. गर्दीच्या धक्क्यांवर ते उभे असतात. परंतु रानातल्या एखाद्या आडबाजूच्या तलावाकाठी, पहाटेच्या धुक्यात होडी काढणाऱ्यावर लक्ष ठेवायला तेथे कोणीही नसते. तेथे कायद्याचे पुस्तक उघडून दाखवणारा नाही, दंडाची पावती फाडणारा नाही. अशा ठिकाणी तलावाचे रक्षण होते ते बापाने ट्रेलरखाली वाकून शेवाळ ओढून काढावे, आणि मुलीने होडीमागे जाऊन बूच फिरवावे, एवढ्याच गोष्टीमुळे. पाण्याची धार वाळूवर पडते, हळूहळू बारीक होते आणि थांबते. ह्या कामाला पाच-दहा मिनिटे लागतात. त्या पाण्यात काय होते आणि काय नव्हते, हे त्या मुलीला कधीच कळणार नाही. पण पलीकडच्या तलावात पुढल्या उन्हाळ्यात तिला अनवाणी उतरता येईल, आणि तेथील मूळचे शिंपले पूर्वीसारखेच तळाच्या वाळूत निवांत पडलेले असतील.